उंबरठ्याआतील विष
२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळात विषारी वायू निजलेल्यांच्या घरांत शिरला. १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. वायू एका रात्रीत ओसरला. कारखान्यालगतच्या वस्त्यांच्या भूजलातील विष मात्र मागे राहिले. घातक उद्योगाचे दायित्व निरपवाद होय, हे तत्त्व त्याच न्यायालयाने दिल्लीतील वायुगळतीच्या खटल्यात १९८६ सालीच सांगितले. त्यामुळे कारखान्याचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे उतरले. परंतु आपला आजार त्या विषाचाच, हे रुग्णानेच दाखवावयाचे! हा भार कायद्याने कारखान्यावर टाकावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. तडजोडीला तारीख असते, विषाला नसते.