कलावंतिणीवरचं चांदणं

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पनवेलला सूर्य सात वाजून आठ-नऊ मिनिटांनी उगवतो. गाढेश्वरच्या तळ्याकाठी मात्र त्याची वाट बघत बसावं लागतं. पूर्वेला माथेरानचा डोंगर आडवा उभा आहे आणि तो ओलांडून ऊन पाण्यापर्यंत पोचायला आणखी अर्धा तास सहज जातो. "ऊन यायला येळ हाय दादा, बसा शेकत," असं काठच्या वाडीतल्या एका आजोबांनी मला शेकोटीकडं बोट दाखवत सांगितलं होतं. समोर दक्षिणेला प्रबळगड आणि त्याला खेटून कलावंतिणीचा सुळका. त्या सुळक्याची जी बाजू या तळ्याकडं आहे, तिच्या बाबतीत आजोबांचं म्हणणं आणखीच खरं आहे. तिथं ऊन यायला महिने लागतात.

याचं कारण सूर्याच्या वाटेत आहे. पनवेल जवळजवळ १९ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरात सूर्य इथं नेमक्या पूर्वेला उगवत नाही. तो सुमारे २५ अंश दक्षिणेकडं सरकून उगवतो, मावळतानाही तितकाच दक्षिणेकडं असतो आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास, सगळ्यांत उंच असतानाही, क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर चढत नाही. सगळा दिवस तो आभाळाच्या दक्षिण अर्ध्यातच काढतो. त्यामुळं उत्तरेकडं तोंड असलेल्या उभ्या कड्याला सप्टेंबरच्या विषुवदिनापासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत थेट ऊन लागतच नाही. पश्चिमेकडं वळलेल्या धारांवर संध्याकाळी तिरकं ऊन पडतं, तेवढंच.

पनवेलकरांना कलावंतीण ओळखीची आहे ती ठाकूरवाडीच्या बाजूनं. दोन शिखरं, मधे इंग्रजी व्हीसारखी खिंड, आणि सुळक्याच्या अंगावर कातळात खोदलेल्या पायऱ्या. ही छबी इतकी प्रसिद्ध झाली आहे की सुट्टीच्या दिवशी त्या पायऱ्यांवर रांग लागते. शेजारचा प्रबळगड म्हणजे जुना मुरंजन. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी एक. या डोंगराची उत्तरेकडची, तळ्याकडची बाजू मात्र फारसं कुणी बघत नाही. माझा जीव जडला आहे तो तिच्यावर.

तळं म्हणजे देहरंगचं धरण. माथेरानच्या डोंगरांतून निघालेली गाढी नदी इथं अडवली आहे आणि पनवेल शहराच्या नळांना हे पाणी जातं. मे महिन्यात ते आटून खोल जातं, पावसाळ्यात गढूळ होतं आणि आभाळच दिसत नाही. भरलेलं पाणी आणि मोकळं आभाळ एकत्र मिळतं ते हिवाळ्यात. तेव्हा डोंगर आणि त्याचं प्रतिबिंब टिपायला हाच मोसम, हे उघड आहे. पण इथं एक गंमतशीर पेच पडतो.

संध्याकाळी ऊन उजवीकडून येतं. डोंगराच्या पश्चिमेकडं वळलेल्या धारांवरचा एकेक थर त्या तिरक्या उजेडात उठून दिसतो. पण त्या वेळी पाणी हलत असतं. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा आत शिरतो. दुपारनंतर तो तळ्यावर पोचतो आणि प्रतिबिंबाचे तुकडे करून टाकतो. पहाटे पाणी निश्चल असतं, पण मग सूर्य डोंगराच्या मागच्या बाजूनं येतो आणि डोंगर काळा पडतो. सकाळी पाणी आहे तर डोंगर नाही, संध्याकाळी डोंगर आहे तर पाणी नाही!

पहाटेचं ते निश्चल पाणी कुठून येतं, हे आधी सांगायला हवं, कारण सगळी जादू त्याच्यात आहे. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन आपली उष्णता थेट आकाशात सोडते आणि झपाट्यानं गार होते. तिला चिकटलेली हवाही गार होते, जड होते आणि उतारांवरून हळूहळू खाली वाहत खोलगट भागात साचते. गाढेश्वरचा परिसर तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेला आहे, त्यामुळं ती इथं कोंडून राहते. खाली गार हवा आणि वर तिच्याहून उबदार, असा उलटा थर तयार होतो. गार हवा जड असल्यामुळं वर उठत नाही आणि वरचा वारा तिच्यात घुसत नाही. म्हणून वर माथेरानला झाडं सळसळत असली तरी खाली पाण्यावर तरंगही उठत नाही. पाणी मात्र इतक्या लवकर गार होत नाही. भोवतालच्या हवेपेक्षा ते उबदार राहतं आणि त्याच्यावरून वितभर उंचीच्या वाफा सरकताना दिसतात. वर न जाणारी ही हवा धूर आणि धूळही धरून ठेवते. पनवेल-तळोज्याकडची पहाटेची करडी हवा त्याच कारणामुळं असते. एकाच गोष्टीनं शहरातला श्वास जड होतो आणि इथलं पाणी स्थिर होतं.

आता पेच सुटतो कसा, ते बघा. तळ्याकडच्या कड्यावर उजेड हवा आणि तो पहाटे हवा. सूर्य हे करू शकत नाही. चंद्र करू शकतो.

पौर्णिमेचा चंद्र नेहमी सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. सूर्य दक्षिणेला गेला की पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला. म्हणून मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीच्या सुमारास, चंद्राची वाट साधारण तीच असते जी जूनमध्ये सूर्याची असते. तो ईशान्येच्या अंगानं उगवतो आणि मध्यरात्री थेट डोक्यावर येतो. त्या वेळी अंगणात उभं राहून बघा, मे महिन्यातल्या दुपारसारखी आपली सावली पायाशी गोळा झालेली असते. मग तो पश्चिम-वायव्येकडं कलतो. चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेशी सुमारे पाच अंशांनी तिरकी असल्यामुळं हा झोका काही वर्षं मोठा होतो, काही वर्षं लहान. साडेअठरा वर्षांच्या या चक्रात २०२५ च्या आसपास तो सर्वांत मोठा होता.

मी तळ्याच्या उत्तर काठावर दक्षिणेकडं तोंड करून उभा असतो. पहाटे साडेपाचला चंद्र माझ्या उजव्या खांद्यामागं असतो आणि त्याचं चांदणं थेट त्या कड्यावर पडतं. सहा महिने ज्याला सूर्य दिसत नाही त्या कातळावर सूर्याचाच उजेड चंद्रावरून उलटून येतो, आणि तोही नेमका त्या घटकेला जेव्हा पाणी सर्वांत स्थिर असतं. हे लक्षात आलं तेव्हा मला जो आनंद झाला तो आजही कमी झालेला नाही.

पौर्णिमेचं चांदणं दुपारच्या उन्हापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद असतं. कॅमेऱ्याच्या हिशेबात, म्हणजे एक स्टॉपला उजेड निम्मा धरून, ते साधारण साडेअठरा स्टॉप होतात. आयएसओ ८००, छिद्र एफ/४ आणि पंचवीसेक सेकंद शटर उघडं, एवढं केलं की चित्र उमटतं, आणि ते बघून पहिल्यांदा कुणीही चक्रावतो. फोटोत आभाळ निळं असतं, सुकलेलं गवत सोनेरी असतं, दुपार असावी तसे सगळे रंग असतात, फक्त निळ्या आभाळात तारे असतात. डोळ्याला त्या क्षणी सगळं करडं-निळसर दिसत असतं. चांदण्याचा रंग तसा नाहीच. ते परावर्तित ऊन आहे, किंचित तांबूसच. पण इतक्या कमी उजेडात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी थंड पडतात आणि काम चालतं ते दंडपेशींवर. त्यांना रंग कळत नाही. कॅमेऱ्याला ही अडचण नाही.

त्या रंगांत डोंगराचा इतिहास वाचता येतो. कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात: काळा कातळ, मग गवताची फिकट रेघ, पुन्हा कातळ. प्रत्येक पट्टी म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत येऊन थिजलेल्या लाव्हाचा थर. दोन थरांमधला भाग मऊ, तो झिजून कंगोरा तयार होतो, कंगोऱ्यावर माती साठते, मातीत गवत उगवतं. पावसाळ्यात सगळंच हिरवं होतं आणि थर झाकले जातात. गवत वाळलं की ते पुन्हा उघडे पडतात. इथं हे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलकडं आणि त्याच्या पश्चिमेला गेलं की मात्र ते समुद्राकडं कलतात, ओट्यावरून सतरंजीची कड लोंबावी तसे. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. पश्चिम भारतातल्या डाइकांवर, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंतींवर, १९४९ साली लिहिताना जे. बी. ऑडन यांनी त्याची चर्चा केली होती. इंग्रजी कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांचे हे थोरले बंधू. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात त्यांनी नोकरी केली. सेशेल्सचा तुकडा भारतापासून तुटून दूर जाऊ लागला त्या काळातल्या ताणांशी या वाकाचा संबंध जोडला जातो. जगभरच्या भूवैज्ञानिकांना पनवेल माहीत आहे ते या वाकामुळं. पनवेलमध्ये मात्र ही गोष्ट फार थोड्यांच्या कानावर आहे, आणि ती शाळाशाळांतून सांगितली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता पाण्यातल्या डोंगराकडं वळू. तो वरच्या डोंगराची हुबेहूब नक्कल नसतो. एक तर तो काळसर असतो. पाण्याकडं सरळ वरून पाहिलं तर ते जेमतेम दोन टक्के उजेड परतवतं, पण नजर जितकी तिरकी तितका परतावा जास्त. गाढेश्वरहून सुळक्याचा माथा क्षितिजापासून सहा-सात अंशच वर दिसतो. इतक्या तिरक्या कोनात पाणी जवळजवळ निम्मा उजेड परत देतं. म्हणजे प्रतिबिंब एक स्टॉप गडद. दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. पाण्याच्या पृष्ठभागापासून तुमचा डोळा जितका वर, तितकाच तो पाण्याखाली असता तर तिथून जे दृश्य दिसलं असतं, ते म्हणजे प्रतिबिंब. म्हणून पलीकडच्या काठावरचं झाड वर डोंगराच्या पायथ्याशी ठेंगणं दिसतं आणि पाण्यात मात्र उंच होऊन डोंगराचा जास्त भाग झाकतं. तिवईचे पाय आखडून कॅमेरा पाण्याच्या वितभर वर आणला की हा फरक जवळजवळ मिटतो. चिखलात गुडघे टेकून, मान वाकडी करून मागच्या पडद्यात बघावं लागतं. उभ्यानं काढलेला फोटो आणि गुडघ्यावरचा फोटो शेजारी ठेवले तर पाण्यातलं तेच झाड वेगळ्या उंचीचं भासतं.

अशा फोटोंसाठी मी एकटाच जातो, त्याचं कारण उजेड. पंचवीस सेकंद शटर उघडं असताना शेजाऱ्याच्या मोबाइलची बॅटरी एकदा लागली तरी काठ पांढरा होतो. पण एकटं म्हणजे कुणाला न सांगता नव्हे. आदल्या संध्याकाळी धोदाणीच्या एसटीनं उजेडात पोचावं, वाडीत सांगून ठेवावं, उभं राहायची जागा दिवसाच हेरून ठेवावी. पाण्यात उतरू नये. आणि कलावंतिणीच्या पायऱ्या रात्री एकट्यानं चढायचा विचारही करू नये; तिथं हातानं धरायला काही नाही.

दिवस निवडताना नेमकी पौर्णिमा धरू नका. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा मावळतो, म्हणून प्रतिपदेला किंवा द्वितीयेला पहाटे तो पुरेसा वर असतो. त्याहून उशीर केला तर उजेड भराभर उतरतो. अर्ध्या चंद्राचा प्रकाश पूर्ण चंद्राच्या निम्मा नसतो, जेमतेम दहावा हिस्सा असतो. कारण चंद्र समोरून उजळलेला असतो तेव्हाच त्याच्या खडबडीत पृष्ठभागावरच्या सावल्या आपल्यापासून लपतात. सहाच्या आसपास पूर्वेला झुंजुमुंजू होऊ लागतं, त्याआधीचा अर्धा तास आपला. त्या वेळी दक्षिणेला, डोंगरांच्या माथ्यापासून थोडाच वर, त्रिशंकू उभा असतो. दक्षिण गोलार्धातल्या देशांनी झेंड्यावर मिरवलेला हा तारकासमूह पनवेलच्या आभाळात जेमतेम अकरा-बारा अंश वर चढतो, आणि डिसेंबरच्या अखेरीस तो पहाटे येतो तो नेमका आपल्या चौकटीत.

हा योग मार्गशीर्ष आणि पौषातल्या पौर्णिमांना उत्तम जुळतो, माघात थोडा ढळतो. फाल्गुनापर्यंत पौर्णिमेचा चंद्र नेमक्या पश्चिमेच्या आसपास मावळू लागतो आणि कड्यावर नुसता घासून जातो. पुढं मेच्या मध्यात सूर्य पनवेलच्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो, तळ्याकडच्या कड्यावर भर दुपारीही ऊन येतं, आणि ज्येष्ठातल्या वटपौर्णिमेला दक्षिणेचा रस्ता धरायची पाळी चंद्राची असते.