एका पानाचा वाटा

खांदा कॉलनीजवळच्या खांदेश्वर स्थानकावरून मुंबईची लोकल धरली, की हार्बर मार्गावर शेवटी शेवटी सँडहर्स्ट रोड लागते. तेथून जवळच डोंगरी आहे. चित्रकथाकार आबिद सुरती यांचे बालपण या वस्तीत गेले. त्यांचा जन्म १९३५ सालचा, गुजरातमधला.

दुसरे महायुद्ध चालू होते. गोदीकडून जाणाऱ्या आगगाडीतले गोरे सैनिक मुलांकडे खाऊ फेकत. एकदा एकाने मिकी माऊसचे चित्रपुस्तक फेकले. मुलांची झोंबाझोंबी झाली आणि पुस्तक फाटले. आबिदच्या वाट्याला एकच पान आले. ते पाहून पाहून तो चित्रे काढू लागला. पुढे तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला.

'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ पासून १९९० पर्यंत निघत. त्यांतले वेताळ आणि जादूगार मँड्रेक हे नायक परदेशी होते. १९७६ मध्ये सुरतींनी त्यांच्या शेजारी 'बहादूर' उभा केला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. बहादूरचा बाप डाकू. त्याला मारणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानेच पोरक्या बहादूरला वाढवले! त्याच्याजवळ जादू नाही. गावकऱ्यांना एकत्र करून तो डाकूंशी लढतो. मला तर तो वेताळापेक्षाही जवळचा वाटतो.

सुरतींनी कथा-कादंबऱ्याही पुष्कळ लिहिल्या. २००७ पासून मात्र ते मीरा रोडला रविवारी प्लंबरला घेऊन घरोघर जाऊ लागले. गळके नळ ते फुकट दुरुस्त करून देत. डोंगरीत बादलीभर पाण्यासाठी पहाटे रांगेत उभी राहणारी आई त्यांना आठवत होती.