फ्लाय अ‍ॅशयुक्त काँक्रीट : लाभ आणि मराठवाड्यातील एक मर्यादा

प्रस्तावना : चुनखडी भाजून एक टन क्लिंकर तयार करताना सुमारे ०.८ टन कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. दुसरीकडे परळीसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाची राख साचते. तिच्यातील धुरातून वेगळी केलेली बारीक राख म्हणजे फ्लाय अ‍ॅश. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये तिचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असू शकते.

प्रक्रिया : सिमेंट व पाणी यांच्या अभिक्रियेतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड उरते. त्यापासून बळकटी मिळत नाही. राखेतील सिलिका त्याच्याशी संयोग पावून बंधक पदार्थ निर्माण करते; छिद्रे भरतात व क्षारयुक्त पाणी सहजी आत शिरत नाही. चुन्यात सुरखी मिसळण्याची आपली जुनी पद्धत याच तत्त्वावर आधारलेली होती. अहिल्यानगर जिल्ह्यातील घाटघर धरणाच्या काँक्रीटमध्ये तर सिमेंटपेक्षा राख अधिक आहे.

मर्यादा : ही अभिक्रिया मंद असून ओलाव्यावाचून थांबते. म्हणून आयएस ४५६:२००० मध्ये अशा काँक्रीटला १४ दिवसांपर्यंत ओले ठेवण्याची शिफारस आहे. औरंगपुऱ्यासारख्या भागात उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर बांधकाम चालल्यास नेमकी याच पाण्यात काटकसर होण्याचा संभव असतो. तसे झाल्यास काँक्रीटचा पृष्ठभाग सच्छिद्र राहतो आणि टिकाऊपणाचा लाभ हातचा जातो.

निष्कर्ष : राखेचा वापर स्वागतार्ह आहे; मात्र ओले गोणपाट वा प्लास्टिकचे आच्छादन घालून ओलावा टिकविण्याची तरतूद अंदाजपत्रकातच असणे आवश्यक आहे.