उकळलेल्या लिंबाचा धडा

इ. स. १७४० मध्ये जॉर्ज अॅन्सन यांचा इंग्रजी आरमारी ताफा सागरप्रवासास निघाला. चार वर्षांनी ते परतले, तेव्हा सोबतचे बहुसंख्य खलाशी मरण पावले होते. शत्रूच्या तोफांनी त्यांतले अगदी थोडे मेले. बाकीचे रोगांना, मुख्यतः स्कर्व्हीला बळी पडले. या रोगात हिरड्या सुजून सडतात, दात हलू लागतात, अंगावर रक्ताचे डाग उमटतात आणि जुन्या, भरून आलेल्या जखमाही पुन्हा उघडतात. खलाशांचे अन्न म्हणजे खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे; ताजे काही महिनोन्महिने मिळत नसे.

मे १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या युद्धनौकेवरील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले. सर्वांचा आहार सारखा ठेवून त्यांनी प्रत्येक दोघांना वेगळा उपाय दिला. कोणाला व्हिनेगर, कोणाला सफरचंदाची आंबवलेली वारुणी, कोणाला चक्क समुद्राचे पाणी! ज्या दोघांना रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले, ते सर्वांत लवकर सुधारले. साठा सहा दिवसांतच संपला; तरी त्यांतला एक जण तोवर कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता.

येथवरची कथा अनेकांनी ऐकलेली असते. पुढची अधिक बोलकी आहे. फळे जहाजावर टिकावीत म्हणून लिंड यांनी त्यांचा रस तासन्‌तास तापवून पाकासारखा आटवण्याची शिफारस केली. त्यातील गुणकारी द्रव्य, म्हणजे आपण आज ओळखतो ते ‘क’ जीवनसत्त्व, उष्णतेने नष्ट होते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. औषध सापडले आणि ते टिकवण्याच्या खटपटीतच निकामी होऊ लागले. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस नियमितपणे देण्याचा निर्णय १७९५ मध्ये घेतला. लिंड आदल्याच वर्षी वारले होते.

हे द्रव्य आपले शरीर तयार करू शकत नाही, आणि त्याचा मोठा साठाही ठेवत नाही. ते आहारातून जवळजवळ बंद झाले, तर एक ते तीन महिन्यांत लक्षणे दिसू लागतात. त्यासाठी समुद्रावर जावे लागत नाही. दात नाहीत म्हणून चहा-बिस्किटे आणि मऊ भात, ‘आंबटाने सांधे धरतात’ म्हणून लिंबू वर्ज्य, आणि भाजी लगदा होईपर्यंत शिजवलेली: एकट्या राहणाऱ्या वृद्धाचे ताट पुष्कळदा त्या जहाजावरच्या ताटासारखेच असते.

उपाय स्वस्त आहे. वरणभातावर लिंबू पिळावे ते ताटात वाढल्यावर, फोडणीत नव्हे. पेरू चावत नसेल तर त्याचा गर बिया गाळून द्यावा. आवळा किसून कोशिंबिरीत घालावा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र फळांविषयी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या तर परस्पर घेऊच नयेत.

हिरड्यांतून रक्त येणे, सहज काळेनिळे डाग पडणे, पाय दुखणे, सततचा थकवा ही लक्षणे ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नयेत. रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळेही असे डाग पडतात, म्हणून तपासणी आवश्यकच. डॉक्टरांकडे जाताना औषधांच्या यादीबरोबर मागच्या दोन महिन्यांत आजी-आजोबांच्या पोटात नेमके काय गेले, तेही लिहून न्यावे.