उलान बाटोरमधील हिवाळी वायुप्रदूषण
मंगोलियाची राजधानी उलान बाटोर येथे दरवर्षी साधारणतः ऑक्टोबर ते मार्च या काळात कोळशाचा धूर साचून निर्माण होणारी हवेची दूषित अवस्था. उन्हाळ्यात या शहराची हवा सामान्यतः निर्मळ असते. हिवाळ्यात मात्र ते जगातील अत्यंत प्रदूषित राजधान्यांत गणले जाते. या धुराचा बराच मोठा भाग कारखान्यांतून नव्हे, तर घराघरांतील चुलींतून येतो, आणि त्या चुली जीवघेण्या थंडीपासून बचाव करण्यासाठी पेटविलेल्या असतात. त्यामुळे धूर बंद करण्याचा प्रश्न येथे ऊब कोठून मिळवावयाची या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही.

भौगोलिक परिस्थिती : उलान बाटोर हे तूल नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सु. १,३०० मी. उंचीवर वसले असून त्याच्या दक्षिणेस बोग्द खान पर्वत व इतर बाजूंना डोंगररांगा आहेत. जगातील सर्वांत थंड राजधानी म्हणून ते ओळखले जाते. जानेवारीचे सरासरी तापमान −२०° से.च्याही खाली असते आणि काही रात्री ते −३५° ते −४०° से.पर्यंत उतरते. हिवाळ्यात या प्रदेशावर सायबीरियन प्रत्यावर्ताचा प्रभाव असल्याने आकाश निरभ्र व वारा मंद असतो. अशा रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, तिच्या लगतची हवा अतिशय थंड व जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर पसरतो. तापमानाच्या या विपरीततेमुळे खालची हवा वर जाऊ शकत नाही व चुलींचा धूर झाकण घातल्याप्रमाणे खोऱ्यात कोंडून राहतो. दुपारी ऊन तापल्यावर हवेचे मिश्रण होऊन धूर काहीसा विरळ होतो. सायंकाळी चुली पुन्हा पेटल्या की तो दाट होतो. प्रदूषण सर्वाधिक असते ते सायंकाळपासून सकाळपर्यंत.

वस्तीची वाढ : समाजवादी राजवटीत शहराच्या मध्यभागी बहुमजली इमारती उभारण्यात आल्या व औष्णिक विद्युत् केंद्रांतील गरम पाणी नळांवाटे त्यांना पुरविण्यात येऊ लागले. ही मध्यवर्ती तापन व्यवस्था १५ सप्टेंबर ते १५ मे या काळात चालू असते. १९९० मधील राजकीय स्थित्यंतरानंतर स्थलांतरावरील निर्बंध सैल झाले, पशुपालकांच्या सहकारी संस्था मोडल्या आणि शहराकडे लोकांचा ओघ सुरू झाला. झुड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आपत्तीने तो वाढविला. कोरड्या उन्हाळ्यानंतर तीव्र थंडी व बर्फ पडून चारा न मिळाल्याने गुरांचे कळपच्या कळप मरणे, म्हणजे झुड. १९९९ ते २००२ या काळात लागोपाठच्या हिवाळ्यांत झुड आले; २००९-१० च्या झुडमध्ये देशातील सु. एक-पंचमांश पशुधन नष्ट झाले. सर्वस्व गमावलेली कुटुंबे राजधानीच्या कडेला आली. १९९० च्या सुमारास सहा लाखांच्या आसपास असलेली शहराची लोकसंख्या २०२० पर्यंत पंधरा लाखांच्या घरात गेली. देशातील जवळजवळ निम्मे लोक आता येथे राहतात.

नव्या वस्तीपैकी बरीचशी ‘गेर’ वस्ती आहे. गेर म्हणजे लाकडी जाळीच्या सांगाड्यावर लोकरीच्या नमद्याचे आच्छादन घातलेला, मध्यभागी चूल असलेला गोल तंबू. कुंपण घातलेल्या लहान भूखंडावर असा तंबू किंवा साधे घर उभारून कुटुंब राहते. या वस्त्यांत बहुतेक ठिकाणी वीज पोहोचली आहे. परंतु तापननळ, पाण्याचे नळ व मलनिःसारण यांची सोय सहसा नाही.

धुराचा उगम : गेर वस्तीतील कुटुंब एका हिवाळ्यात सरासरी चार-पाच टन कोळसा आणि त्याखेरीज लाकूड जाळत असे. नालाइख व बगानूर येथील खाणींतून येणारा कच्चा कोळसा हे २०१९ पर्यंतचे मुख्य इंधन होते. शासकीय अंदाजांनुसार त्या काळातील प्रदूषणापैकी सु. ८०% वाटा घरगुती चुली व लहान बाष्पित्रे यांचा, तर उरलेला वाहने, विद्युत् केंद्रे, राख व उघड्यावरील कचरा यांचा होता. विद्युत् केंद्रे चुलींपेक्षा कितीतरी अधिक कोळसा जाळतात. परंतु त्यांचा धूर उंच धुराड्यांतून वर सोडला जातो व त्यातील राख काही अंशी गाळली जाते. उलट चुलीचा धूर जमिनीपासून काही मीटरांवर, माणसे श्वास घेतात त्याच थरात बाहेर पडतो.

धूर सर्वाधिक निघतो तो चूल पेटविताना व नवा कोळसा टाकताना. तापलेल्या निखाऱ्यांवर कच्चा कोळसा टाकला की त्यातील बाष्पनशील द्रव्ये पूर्णतः न जळता बाहेर पडतात. गेरची भिंत पातळ असल्याने चूल विझताच आतील तापमान झपाट्याने उतरते. म्हणून रात्रीतून अनेकदा कोळसा घालावा लागतो आणि दर खेपेस धुराचा नवा लोट उठतो.

आरोग्यावरील परिणाम : २·५ मायक्रॉनपेक्षा कमी व्यासाचे कण श्वासाबरोबर फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा कणांची २४ तासांची सरासरी मर्यादा दर घ. मी. हवेत १५ मायक्रोग्रॅम ठरविली. उलान बाटोरमध्ये हिवाळ्यात तिच्या अनेक पट प्रमाण नोंदले जाते. लहान मुलांतील फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) व श्वासनलिकांचे विकार या ऋतूत वाढतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार शहराच्या अतिप्रदूषित भागातील मुलांची फुप्फुसांची कार्यक्षमता ग्रामीण भागातील मुलांपेक्षा ४०% कमी आढळली.

शासकीय उपाययोजना : २०११ नंतर अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशनच्या साहाय्याने सुधारित चुली सवलतीच्या किंमतीत विकण्यात आल्या. कोळसा खाली व पेट वर अशी रचना केल्यास बाष्पनशील द्रव्ये ज्वाळेतून जाऊन जळतात, या तत्त्वावर त्या आधारलेल्या होत्या. मात्र मध्येच इंधन भरल्यास हा लाभ कमी होतो, आणि कडाक्याच्या थंडीत तसे केल्यावाचून राहवत नाही. २०१६-१७ च्या हिवाळ्यात पालकांनी शहराच्या सुखबातर चौकात निदर्शने केली. २०१७ च्या आरंभी शहरात नव्याने वास्तव्यास येण्यावर निर्बंध घालण्यात आला व तो २०२० पर्यंत वाढविण्यात आला. गेर वस्तीला रात्रीच्या विजेच्या आकारात मोठी सूट मिळाली.

१५ मे २०१९ पासून शहराच्या मध्यवर्ती जिल्ह्यांत कच्चा कोळसा जाळण्यास बंदी करण्यात आली. त्याऐवजी दक्षिण गोबीतील तवान तोलगोई येथील धुतलेल्या कोळशापासून बनविलेल्या दाबवड्या सवलतीत पुरविल्या जाऊ लागल्या. पुढील हिवाळ्यात सूक्ष्मकणांचे प्रमाण पुष्कळ घटले. सल्फर डाय-ऑक्साइडाचे मात्र वाढले. शिवाय २०१९ च्या शरद ऋतूत कार्बन मोनॉक्साइडाची विषबाधा होऊन अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले व काही जण दगावले. हा वायू रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनापेक्षा कितीतरी अधिक दृढपणे संयोग पावतो. तुंबलेली धुराडी, गळक्या चुली व नव्या इंधनाच्या वापराची अपुरी माहिती ही त्याची कारणे सांगण्यात आली. धूर कमी दिसला म्हणजे धोका टळला असे नव्हे, हे या घटनेने दाखविले. त्यानंतर घरोघरी या वायूचे सूचकयंत्र वाटण्यात आले.

रहिवाशांचे उपाय : प्रदूषण टाळण्यासाठी रहिवासी मुखपट्टी वापरतात, खिडक्यांच्या फटी बुजवितात व मुलांना दुपारच्या सुमारासच बाहेर नेतात. ज्यांना शक्य आहे ते हिवाळ्यात मुलांना खेड्यातील आजी-आजोबांकडे पाठवितात. हवा शुद्ध करणारी यंत्रे सदनिकांतून वाढली आहेत. गर्भवती स्त्रियांवर २०१४-१५ पासून केलेल्या एका अभ्यासात अशा यंत्रांमुळे घरातील सूक्ष्मकण २९ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. म्हणजे बहुतांश कण शिल्लक राहतात. फुप्फुसे शुद्ध करणारे म्हणून विकले जाणारे चहा व ऑक्सिजनमिश्रित फेसाळ पेये लोकप्रिय असली, तरी धुरापासून त्यांनी संरक्षण मिळते यास वैज्ञानिक आधार नाही.

या उपायांची विभागणी विषम आहे. यंत्र, नळाची ऊब व शहराबाहेर जाण्याची सवड सदनिकेत राहणाऱ्यांना अधिक मिळते. सर्वांत दाट धूर गेर वस्तीत असतो आणि तेथील कुटुंबाला चूल विझविता येत नाही. म्हणून अलीकडे उष्णतेची गरजच कमी करण्यावर भर देण्यात येत आहे. गेरला जाड उष्णतारोधक थर देणे, दाराला आडोसा करणे, जमिनीखाली रोधक अंथरणे व विजेवर चालणारे तापक बसविणे, असे संच बालनिधी व इतर संस्थांनी गेर वस्त्यांत दिले आहेत. असा रोधक थर असलेल्या गेरमध्ये चूल कमी वेळा भरावी लागते आणि विजेच्या तापकावर भागविणेही शक्य होते. तथापि शहराची वीजही प्रामुख्याने कोळशापासूनच तयार होते व थंडीच्या दिवसांत ती अपुरी पडते. त्यामुळे घरांचे उष्णतारोधन, तापननळांचा विस्तार व वीजनिर्मितीची वाढ ही कामे एकत्रच करावी लागतात.