फ्लॉपी-चालकाचे शीर्षसंरेखन

फ्लॉपी-चालकातील वाचन-लेखन शीर्ष चकतीवरील चुंबकीय पथाच्या मध्यरेषेवर नेमके बसविण्याच्या क्रियेस शीर्षसंरेखन म्हणतात. १९७६ मध्ये आलेल्या शुगार्ट कंपनीच्या सव्वापाच इंची चालकात दोन पथांमधील अंतर सुमारे ०·५३ मिमी. होते; पुढील साडेतीन इंची चकत्यांत ते ०·१९ मिमी.पर्यंत घटले. त्यामुळे स्क्रू ढिले होणे, वाहतुकीतील धक्का किंवा झीज यांमुळे शीर्ष किंचित सरकले, तरी वाचनात दोष उत्पन्न होतो.

हा दोष फसवा असतो. सरकलेल्या शीर्षाने लिहिलेली चकती तोच चालक बिनचूक वाचतो. अन्य चालकांना मात्र ती वाचता येत नाही. म्हणून चालकाने स्वतःच लिहिलेल्या चकतीवरून त्याची परीक्षा होत नाही.

परीक्षेसाठी कारखान्यात तयार केलेली संरेखन चकती वापरतात. तिच्या ठराविक पथावर किंचित उत्केंद्री नोंद असते. शीर्षाकडून येणारा संकेत दोलनदर्शकावर पाहिला असता मांजराच्या डोळ्यांसारखे दोन फुगवटे दिसतात. शीर्ष मध्यरेषेवर असल्यास दोन्ही फुगवटे सारख्या उंचीचे असतात. ते तसे नसल्यास शीर्ष हलविणाऱ्या चलित्राचे स्क्रू सैल करून ते अल्पसे फिरवितात. दुतर्फी चालकात दोन्ही शीर्षे एकाच सरकत्या बैठकीवर असल्याने बहुधा तडजोडीची जागा पतकरावी लागते. त्यानंतर शून्य पथाचा संवेदक तपासतात. संरेखन चकतीवर कधीही लेखन करू नये. सामान्य चालकावर ती पुन्हा तयार करता येत नाही.

काही चालकांच्या फिरकीवर वेग पाहण्यासाठी खुणांची दोन वलये असतात. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने येथे त्या कंप्रतेचे वलय पाहावे. मिनिटास ३०० फेरे होत असताना निऑन दिव्याच्या प्रकाशात त्यावरील खुणा स्थिर भासतात. वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. उष्णतेने व आर्द्रतेने पॉलिएस्टर चकतीच्या मापात फरक पडतो. म्हणून चालक व चकती काही काळ एकाच खोलीत ठेवून मगच काम हाती घ्यावे.

फ्लॉपीचा वापर मागे पडल्यावर या क्रियेस निराळे महत्त्व आले आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्राने टंकलिखित केलेला मराठी मजकूर फ्लॉपींवर साठविला जाई. अशी चकती सरकलेल्या चालकावर लिहिलेली असेल, तर नीट संरेखित चालक ती वाचू शकत नाही. अशा वेळी प्रथम चकतीला लेखनबंदी करावी. सव्वापाच इंची चकतीची खाच चिकटपट्टीने झाकतात. मग एका फालतू चालकातील शीर्षाच्या मूळ स्थानाची खूण करून, संकेत सर्वांत प्रबळ होईपर्यंत ते मुद्दाम सरकवितात व मजकूर उतरवून घेतात. मूळ चालक उपलब्ध असल्यास त्याचे संरेखन मात्र सर्व चकत्या वाचून झाल्याखेरीज सुधारू नये.