पोटातली गाठ

मराठीत 'गाठ' हा शब्द तसा प्रेमाचा. लग्नगाठ, गाठभेट. पण महालात माझ्या भाचीच्या सोनोग्राफीचा कागद आला आणि त्याच शब्दानं सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तिसरा महिना, आणि गर्भाशयात सहा सेंटिमीटरची फायब्रॉइडची गाठ. आमच्या घरात तिला 'रसौली' म्हणतात. सासरच्या दादीनं निकालच दिला, "बाळासोबत रसौलीही वाढेल. पोट पाडून मोकळी हो." भाची मला एवढंच म्हणाली, "खाला, खरंच?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते सांगते, कारण असा कागद पुष्कळ घरांत येतो. फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या स्नायूंचीच गाठ. ती कर्करोगाची नसते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं तिचं खाद्य. गरोदरपणी तीच भरपूर वाढतात, म्हणून गाठ नऊ महिने फुगत जाईल असं वाटणं साहजिक. प्रत्यक्षात बहुतेक गाठी आहेत तेवढ्याच राहतात. साधारण एक तृतीयांश वाढतात, त्याही मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत. काही तर लहान होतात.

कधीकधी मात्र वाढलेल्या गाठीला रक्त पुरत नाही. ती आतून मरू लागते, लालसर होते. भाचीला पाचव्या महिन्यात हेच झालं. बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागी कळ, बारीक ताप. आम्हाला वाटलं, बाळ गेलं. विश्रांती, सलाइन आणि पॅरासिटामॉल यांवर तीन-चार दिवसांत कळ थांबली. घरात पडलेली दुसरी गोळी अशा वेळी मनानं घेऊ नये. आयबुप्रोफेनसारखी औषधं विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाला बाधू शकतात.

गाठ कुठं आहे, हेही आकाराइतकंच महत्त्वाचं. वारेच्या मागं असेल तर रक्तस्रावाचा धोका. गर्भाशयाच्या तोंडाजवळ मोठी असेल तर बाळाची वाट अडते आणि सिझेरियन करावं लागतं. बाळंतपणानंतरही गर्भाशय नीट आवळलं नाही तर रक्त जास्त जातं. म्हणून अशा बाईची प्रसूती घरी नको. महालातल्या बायकांना डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय जवळच आहे.

"सिझेरियन करतील तर गाठही काढून टाका," हा दादीचा पुढचा सल्ला. पण त्या वेळी गर्भाशयात रक्त इतकं खेळत असतं, की डॉक्टर सहसा गाठीला हात लावत नाहीत.

मुलगी झाली. ती सहा महिन्यांची असताना पुन्हा सोनोग्राफी केली. गाठ चार सेंटिमीटर. दादीनं कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "मग उरलेली कुणी काढली?"